आमची बाकी, बँकेकडे

जुलै २०२४ मध्ये माझ्या क्रेडिट कार्डाचं एकच बिल दोनदा भरलं गेलं. रक्कम ₹१,८८,२३०. एकदा आम्ही भरलं, एकदा ऑटोपेने. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी केलेल्या खटाटोपातला निम्मा चुकीच्या दाराची कडी वाजवण्यात गेला. बरोबर दार कुठलं, हे बँकेतल्या कुणी आपणहून सांगितलं नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढं मोठं बिल आलं कुठून ते सांगते. आम्ही साताऱ्याचे. जूनच्या सुरुवातीला माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. विमा होता, पण रुग्णालय कॅशलेसच्या यादीत नव्हतं. म्हणजे आधी आपण भरायचं आणि मग फाइल पाठवून मागायचं. कार्डाची मर्यादा तीन लाखांची होती, म्हणून रुग्णालयाच्या काउंटरवर कार्डच दिलं. एरवी त्या कार्डावर महिन्याला पाच-साडेपाच हजार जातात. पेट्रोल, किराणा, मोबाइलची रिचार्जं, एवढंच.

बिल निघालं १५ जूनला, भरायची मुदत ५ जुलै. बिलाचे पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून ऑटोपेने जातात, पण त्या खात्यात दोन लाख कुठले असायला? विम्याची फाइल सादर झाली होती, पैसे कधी येतील याचा भरवसा नव्हता. त्यात वर्तमानपत्रांत रोज एकच बातमी. १ जुलैपासून कार्डांची बिलं भारत बिल पेमेंट सिस्टिममधूनच भरायची, असं रिझर्व्ह बँकेचं फर्मान, आणि काही मोठ्या बँका तर अजून त्या व्यवस्थेत आलेल्याच नाहीत. बातमीचा रोख खरं तर मोबाइल ॲपवरून बिल भरणाऱ्यांकडे होता, पण धास्ती सगळ्यांनीच घेतली. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. एवढ्या रकमेवर तो धोका कोण पत्करणार? आमच्या ह्यांनी त्यांच्या नावची एफडी मोडली आणि २ जुलैला त्यांच्याच नेटबँकिंगवरून कार्डावर थेट एनईएफटी केली. खाते क्रमांकाच्या जागी कार्डाचा सोळा आकडी नंबर टाकायचा आणि कार्डाच्या बँकेने दिलेला आयएफएससी कोड. पैसे तासाभरात पोचले, ॲपमध्ये देय रक्कम शून्य दिसली.

४ जुलैला संध्याकाळी विम्याचे पैसे आले, ₹१,६१,३५०. हातमोजे, कापूस, नोंदणी फी असलं सगळं कापून. काही का असेना, आले. ते जमा झाले माझ्या पगाराच्या खात्यात, कारण पॉलिसी माझ्या नावावर. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना फोन वाजला. ऑटोपेने ₹१,८८,२३० उचलले होते. विम्याचे पैसे एक दिवस उशिरा आले असते, तर खात्यात पुरेसे पैसे सापडले नसते आणि ऑटोपे बिचारं रिकाम्या हाताने परत गेलं असतं. खात्यात उरले सव्वाचार हजार. आणि १० तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता, एकोणीस हजार चारशे.

पहिली धाव पगाराच्या बँकेकडे. तिथल्या अधिकारी बाईंनी मला बसवून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार. कार्ड एका बँकेचं आणि खातं दुसरीचं असेल, तर ऑटोपे नॅकमधून, म्हणजे बँकाबँकांमधल्या आपोआप वसुलीच्या यंत्रणेतून जातं. कार्डाची बँक मुदतीच्या आधीच वसुलीची यादी तयार करून पाठवते. "यादी तयार झाली तेव्हा तुमचं बिल बाकी होतं. मग तुम्ही भरलंत. पण निघालेली यादी मागे कोण बोलावणार?" त्या म्हणाल्या. मँडेटवर, म्हणजे पैसे उचलायच्या परवानगीवर, सही माझी, रक्कम बिलातलीच, खात्यात पैसे होते. त्यांच्या बाजूने व्यवहार स्वच्छ. परत मागायचे तर ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडेच. हे ऐकून मला उलट बरं वाटलं. निदान एक दार तरी कायमचं बंद झालं.

मग कार्डाच्या बँकेचा फोन. भाषेसाठी एक दाबा, कार्ड हरवलं असेल तर दोन दाबा, कर्ज हवं असेल तर अमुक दाबा. कर्ज द्यायला सगळे तयार, त्याचं बटण दोन-तीन ठिकाणी. जास्तीचे पैसे परत हवे असतील तर काय दाबायचं, ते मात्र कुठे नाही. शेवटी एक मुलगा लाइनवर आला, मराठीत गोड बोलला. "मॅडम, काळजीच करू नका. तुमची रक्कम एकदम सुरक्षित आहे. पुढच्या बिलात आपोआप ॲडजस्ट होऊन जाईल."

मी म्हटलं, "अरे, माझं महिन्याचं बिल साडेपाच हजाराचं. ॲडजस्ट व्हायला तीन वर्षं लागतील."

"हो मॅडम, पण रक्कम सुरक्षित आहे."

सुरक्षित असेलच. बँकेत नाही तर कुठे असणार? माझं म्हणणं इतकंच होतं की ती माझ्याकडेही सुरक्षित राहिली असती, शिवाय हप्ताही गेला असता.

त्याने तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. उघडून बघते तर लिहिलेलं: आपलं ₹१,८८,२३० चं पेमेंट आमच्याकडे यशस्वीरीत्या जमा झालेलं आहे, धन्यवाद. मी हसू की रडू! परत फोन, परत तक्रार. या वेळी उत्तर आलं की ऑटोपेची वसुली आपण दिलेल्या मँडेटनुसारच झालेली असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

मी शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. पगारबिलं, फीची रोजकीर्द, आवक-जावक, सगळं आयुष्य कागदांत गेलं. त्यामुळे दुसऱ्या उत्तरानंतर राग ओसरला तेव्हा लक्षात आलं की उत्तरं बरोबरच आहेत, विषयच चुकीचा नोंदवला जातोय. मी फोनवर "दोनदा पैसे घेतलेत" म्हणत होते. पलीकडचा माणूस ते पेमेंटच्या तक्रारीत टाकत होता. पेमेंटची तक्रार म्हटलं की त्यांचा विभाग बघणार एकच गोष्ट, पैसे पोचले का? पोचले. मग बंद. त्यांच्या वहीत माझ्या नावावर जमा बाकी होती आणि ती परत मागणारा अर्ज त्यांच्याकडे आलेलाच नव्हता. बिलात अशी बाकी असली की आकड्यापुढे 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) छापतात आणि ॲपमध्ये रकमेआधी वजाचं चिन्ह येतं. ते बघून आबा दचकले होते. "वजा म्हणजे अजून द्यायचेत का गं?" वजा म्हणजे त्यांनी आपल्याला द्यायचेत, हे त्यांना पटवताना माझी दमछाक झाली.

दरम्यान १० तारीख आलीच. आमच्या शाळेच्या सेवकांच्या पतसंस्थेतून वीस हजारांचं आकस्मिक कर्ज काढलं. अर्ज दुपारी दिला, पैसे संध्याकाळी खात्यात. दोन जामीनदार शिक्षकखोलीतच सापडले. म्हणजे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार माझे स्वतःचे बँकेत बिनव्याजी पडलेले आणि वीस हजारांवर मी व्याज भरणार.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कार्ड एटीएमला लावा आणि काढा की पैसे, आपलेच आहेत." कल्पना सुटसुटीत होती, म्हणून मी शुल्कांचा तक्ता काढून बघितला. कार्डावरून रोख काढली की अडीच टक्के शुल्क, वर १८ टक्के जीएसटी. आपली जमा बाकी असली तरी एटीएमला ते कळत नाही, शुल्क लागतंच. एवढ्या रकमेवर पाच हजारांच्या वर गेले असते. शिवाय रोख काढायची मर्यादा वेगळी असते, पूर्ण रक्कम निघालीच नसती. शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या, सोन्याची नाणी घ्या कार्डावर, ॲडजस्टही होईल आणि सोनंही होईल. हप्ता सोन्याच्या नाण्याने भरता येत असता तर जरूर घेतली असती.

एक सल्ला मात्र मला बराच वेळ मोहवत होता. कार्डच बंद करून टाका, मग झक मारत परत देतील. त्यात तथ्य आहे. कार्ड बंद करण्याचा अर्ज आला की सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹५०० ग्राहकाला द्यावे लागतात. अट इतकीच की आपल्याकडे त्यांची बाकी नसावी. आणि बंद झालेल्या कार्डावर जमा बाकी असेल तर ती ग्राहकाच्या बँक खात्यात पाठवावी लागते. पण आबांचा डावा गुडघा अजून व्हायचाय. तीन लाखांची मर्यादा असलेलं कार्ड अशा रागाच्या भरात कोण घालवेल!

आणखी एकांनी इन्कम टॅक्सची भीती घातली. कार्डाचं बिल एवढं भरलं की नोटीस येते म्हणे. तसं काही नाही. आर्थिक वर्षात रोखीने एक लाख किंवा इतर मार्गांनी दहा लाख वा त्याहून जास्त बिल भरलं, तर बँक त्याची माहिती आयकर खात्याला देते. आमची दोन्ही पेमेंटं मिळूनही पावणेचार लाखांच्या आसपास. ज्यांचं कार्ड मोठं चालतं त्यांनी मात्र हे ध्यानात घ्यावं, कारण दोनदा गेलेलं बिल त्या बेरजेतही दोनदा धरलं जाऊ शकतं. परतफेडीचा कागद तेवढ्यासाठी तरी जपून ठेवावा.

आता खरा धोका सांगते. लेकीने माझ्या वतीने एक्सवर बँकेला उद्देशून दोन ओळी लिहिल्या. काही मिनिटांत उत्तर. बँकेचंच बोधचिन्ह, नावात 'केअर', अतिशय नम्र भाषा. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, परतफेडीसाठी सोबतचा फॉर्म भरा. फॉर्ममध्ये कार्डाचा पूर्ण नंबर, मुदत, मागचा सीव्हीव्ही आणि फोनवर एक ॲप उतरवून घ्यायची सूचना. लेकीनेच ओळखलं, कारण खातं चार दिवसांपूर्वी उघडलेलं होतं. पण मी एकटी असते, त्या दिवसांतल्या मनःस्थितीत असते, तर सांगता येत नाही. पैसे अडकलेला माणूस मदतीचा पहिला हात धरतो आणि हे लोक नेमके तिथेच टपून बसलेले असतात. बँकेला पैसे परत द्यायचे असतील तर तिला लागतो आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी. सीव्हीव्ही आणि ओटीपी पैसे काढून घ्यायला लागतात, द्यायला नाही. असं काही भरून बसलंच कुणी, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि कार्ड बंद पाडायचं. बँकेचा फोन नंबरसुद्धा मी कार्डाच्या मागे छापलेलाच वापरला, इंटरनेटवर शोधून सापडलेला नाही.

त्या रात्री रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बसले. क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश, दिनांक २१ एप्रिल २०२२, अंमल १ जुलै २०२२ पासून, पुढे मार्च २०२४ मध्ये काही दुरुस्त्या. कागद मोठा आहे, पण सरकारी परिपत्रकं वाचायची सवय असलेल्याला जड नाही. जमा रकमेबद्दल त्यात दोन गोष्टी लागोपाठ आहेत आणि दोन्हींत फरक आहे.

पहिली अशी. एखाद्या खरेदीचे पैसे परत आले, व्यवहार फसला किंवा उलटला, आणि त्याचं बिल आपण आधीच भरलेलं असलं, तर ती जमा रक्कम बँकेने परस्पर कार्डाच्या मर्यादेत वळती करायची नाही. मर्यादेच्या एक टक्का किंवा ₹५,०००, यातला जो आकडा लहान असेल त्याच्या वरची रक्कम असेल, तर जमा झाल्यापासून सात दिवसांत ईमेल किंवा एसएमएसने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायची. संमती किंवा उत्तर आलं नाही तर रक्कम बँक खात्यात परत पाठवायची. माझी मर्यादा तीन लाख, म्हणजे माझ्यासाठी तो आकडा तीन हजार.

यावर बँक म्हणू शकली असती (आणि पुढे म्हणालीच) की तुमचं काही खरेदीचं रिफंड नाही, तुम्ही बिल जास्त भरलंय. पण त्याच्या लगेच पुढे दुसरी गोष्ट आहे आणि तिथे अशी फट नाही. वरचा तो एक टक्क्याचा आकडा काहीही असो, कार्डखात्यातली जमा रक्कम बँक खात्यात परत द्या अशी विनंती ग्राहकाने केली, तर ती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कार्डाच्या बँकेने ते करायचं आहे. पैसे कसे जमा झाले, कुणाच्या हातून, कशामुळे, याची चौकशीच नाही. विनंती केली, द्यायचे.

त्याच कागदात हेही सापडलं की बिलाची मुदत संपल्यावर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. एफडी मोडायच्या आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, पण व्याजाचा प्रश्न तरीही राहिला असता. असो.

मग अर्ज लिहिला. आम्हा कारकुनांना पत्राला वजन कशाने येतं ते कळतं. गाऱ्हाणं नाही, इतिहास नाही, आबांचा गुडघा नाही. विषय: क्रेडिट कार्ड खात्यातील जमा बाकी बँक खात्यात परत मिळणेबाबत. आणि मजकूर साधारण असा:

"माझ्या वरील कार्डखात्यात आज रोजी जमा बाकी आहे. ही रक्कम पुढील बिलांमध्ये वळती करण्यास माझी संमती नाही. ती माझ्या खाली दिलेल्या बचत खात्यात जमा करावी, ही विनंती. रिझर्व्ह बँकेच्या दि. २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ही कार्यवाही विनंती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मुख्य नोडल अधिकारी व त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल यांच्याकडे दाद मागावी लागेल."

कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे. सोबत जूनचं बिल, ॲपमधल्या वजा रकमेचं चित्र, दोन्ही पेमेंटांच्या नोंदी यूटीआर, म्हणजे व्यवहाराच्या ओळख क्रमांकांसह, आणि माझ्या पगाराच्या खात्याचा रद्द केलेला चेक. एक गोष्ट मुद्दाम केली. एनईएफटी ह्यांच्या खात्यातून गेली होती तरी परत मागताना खातं माझंच दिलं. कार्डधारकाचं आणि खात्याचं नाव जुळलं नाही की अर्ज पुन्हा फिरत बसतो.

११ जुलै, गुरुवार. अर्धा दिवस रजा टाकून कार्डाच्या बँकेच्या साताऱ्यातल्या शाखेत गेले. काउंटरवरचा तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, कार्डांचं काम वेगळ्या विभागात चालतं. आमच्या स्क्रीनवर ते दिसतसुद्धा नाही." हे खरं असतं, शाखेत कार्डखातं उघडून काही करता येत नाही.

"करू नका. फक्त अर्ज घ्या आणि या प्रतीवर पोच द्या."

पोच म्हटल्यावर तो उठून आत गेला. शाखाधिकारी बाहेर आले. "अर्ज ठेवून जा, आम्ही पुढे पाठवतो."

"ठेवते साहेब. पण या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही."

त्यांनी अर्ज वाचला. तीन कामकाजाच्या दिवसांच्या ओळीवर थोडे रेंगाळले. मग शिक्का मारला. शिक्क्यावरची तारीख पुसट उठली होती, ती मी त्यांच्याकडूनच पेनाने लिहून घेतली. तिथेच बाकावर बसून त्या पोचेचा फोटो आणि सगळे कागद बँकेच्या कार्ड विभागाच्या अधिकृत ईमेलवर पाठवले, मुख्य नोडल अधिकाऱ्यांना प्रत. हे पत्ते बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतात, अगदी तळाशी.

शुक्रवारी काही नाही. मग दुसरा शनिवार, रविवार. सोमवारी सकाळी फोन आला. या वेळी विचारणारी बाई कार्ड विभागातली होती आणि तिच्यासमोर माझा अर्ज उघडा होता, हे पहिल्या वाक्यातच कळलं. तिने ॲडजस्ट हा शब्द उच्चारला, पण एकदाच. मग म्हणाली की नियमातली संमतीची अट रिफंडसाठी आहे, जास्त भरलेल्या बिलासाठी नाही. मी म्हटलं, "बरोबर. मी त्याच्या पुढच्या वाक्याबद्दल बोलते आहे." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ठीक आहे मॅडम, प्रोसेस करते."

मग प्रश्न आला रकमेचा. मी अर्जात मुद्दामच आकडा न घालता "जमा बाकी" लिहिलं होतं, कारण १५ जूननंतर कार्डावर पेट्रोल आणि किराणा चालूच होतं. बिलात न आलेला तो खर्च ₹६,७४५ होता. तेवढा वळता करून ₹१,८१,४८५ परत येतील, असं ती म्हणाली. हे मला मान्य होतं, तो खर्च आमचाच. अर्जात पूर्ण १,८८,२३० लिहिले असते तर रक्कम जुळत नाही म्हणून अर्ज परत आला असता, असं तीच बोलता बोलता म्हणून गेली. आणि परत येईपर्यंत कार्ड वापरू नका, नवा खर्च पडला की आकडा पुन्हा बदलतो, हेही तिनेच सांगितलं. एवढं कामाचं बोलणं सुरुवातीच्या फोनवर झालं असतं तर?

मी विचारलंच, "मी ५ तारखेपासून फोन करते आहे. तीन दिवस तेव्हापासून का नाही धरले?" तिचं उत्तर असं की आधीच्या नोंदी चौकशी आणि तक्रार या सदरात आहेत, परत देण्याची विनंती म्हणून पहिली नोंद ११ तारखेच्या ईमेलची. म्हणजे फोनवर बोललेलं सगळं हवेत गेलं होतं.

मंगळवार १६ जुलै हा तिसरा कामकाजाचा दिवस. बुधवारी आषाढी आणि त्याच दिवशी मोहरम, बँकांना सुट्टी. संध्याकाळपर्यंत खात्यात काही नाही. मी लोकपालांच्या तक्रारीची तयारी करून बसले. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, फी काही नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. माझे तीस दिवस अजून व्हायचे होते, पण मसुदा तयार असलेला बरा.

रात्री दहाच्या सुमारास मेसेज आला, एनईएफटीने ₹१,८१,४८५ जमा. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, याचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी आबा सकाळपासून टीव्हीसमोर, पंढरपूरची पूजा बघत. गुडघ्यामुळे यंदा वारीला जाता आलं नव्हतं. मी त्यांना पैसे आल्याचं सांगितलं. "सगळे?" त्यांनी विचारलं. पेट्रोलचे सोडून, म्हटलं.

पुढच्या बिलात ती परतफेड खर्चाच्या बाजूला दिसते. ती ओळ नीट तपासावी. तिला रोख काढण्याची नोंद समजून त्यावर शुल्क किंवा व्याज लागलेलं नाही ना, हे बघावं. माझ्या बिलात नव्हतं. पतसंस्थेचं कर्ज त्याच आठवड्यात फेडलं. एफडी पुन्हा केली, मुदतीआधी मोडल्याने कापलेलं व्याज गेलं ते गेलं.

त्या व्याजाबद्दल बँकेला एक ईमेल मी लिहिला. उत्तर आलं की कार्डखात्यातल्या जमा रकमेवर व्याज देय नाही, तशी अट करारात आहे. बघितलं, खरंच आहे. बाकी आमच्याकडे असली की बेचाळीस टक्के, त्यांच्याकडे असली की शून्य. यावर भांडायला माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

ऑटोपे मात्र बदललं. पूर्ण बिलाऐवजी आता किमान देय रकमेचं ठेवलंय आणि उरलेलं बिल आम्ही हाताने भरतो. भरायचं राहिलंच तर दंड टळतो, व्याज मात्र लागतं. आणि दोनदा गेलंच, तर किमान रक्कमच दोनदा जाईल, आमच्या नेहमीच्या बिलावर ती काही शेकड्यांत असते. डाव्या गुडघ्याच्या वेळी मात्र बिल येण्याआधी ते ऑटोपेसुद्धा बंद करायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.